शबनमच्या पापणीवरची गाठ

गफूरभाईच्या घोडीचं शेपूट एका बाजूनं कायम विरळ असायचं. नव्या माणसाला वाटायचं, घोडीला खरूज झालीय. तसं काही नव्हतं. अर्ध्या नांदेडच्या चामखिळी त्या शेपटीनं पाडल्या होत्या.

आमच्याकडे चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. चामखिळीच्या बुडाशी केस आवळायचा, गाठ मारायची, रोज जराशी आणखी ओढायची. आठ-दहा दिवसांत चामखीळ काळी पडते, वाळते आणि गळते. पण केस कोणाचा, कधीचा, ह्याचे गफूरभाईनं स्वतःचे कायदे केले होते. जुम्मेरातीलाच, म्हणजे गुरुवारीच यायचं, तेही सकाळी. केस कापायचा नाही, उपटायचा. घोडी नवरदेव मिरवणारी पाहिजे, टांग्याची चालत नाही. आणि केस हातात पडला की मुकाट्यानं निघायचं. देगलूर नाक्यामागं त्याचं पत्र्याचं शेड होतं, त्याच्यापुढं दर जुम्मेरातीला बायाबापड्या लेकरांना धरून उभ्या असायच्या. गफूरभाई एकेकाची मान, हनुवटी, बोट निरखून बघायचा, जाड चामखिळीला जाड केस, बारकीला बारीक. कोणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही.

मी ह्या सगळ्याला हसायचो. मग माझ्या मानेवर चामखीळ आली. कॉलरला घासून रक्त यायचं. सरकारी दवाखान्यातला माणूस मी, औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात, आणि तरी एका जुम्मेरातीला मी त्या बायांच्या मागं रांगेत उभा राहिलो. अकराव्या दिवशी अंघोळ करताना चामखीळ हातात आली. तेव्हापासून मी हसणं सोडलं. सोडायला नको होतं.

मी वैजनाथ. पशुधन पर्यवेक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं विष्णुपुरीच्या बाजूच्या खेड्यांत. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचं, लसी टोचायच्या, पोट फुगलेल्या बैलाला औषध पाजायचं, हे माझं काम. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही. पण त्यांना मी कधी अडवलंही नाही, कारण ऐकायला बरं वाटायचं. पुढं जे झालं त्याचं मूळ ह्या बरं वाटण्यात आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

गफूरभाई आणि मी एका वयाचे. त्याचे वडील टांगा हाकायचे. टांगे संपल्यावर ह्यानं नवरदेवाची घोडी ठेवली. उंच, हडकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्याचं तंत्र सगळ्या घोडीवाल्यांहून निराळं. बाकीचे लोक घोडीला बाजेवर चढवून नाचवतात, बँडवाल्यांच्या ढोलापुढं उभी करतात. गफूरभाईला कोणी तसं सांगितलं की तो म्हणायचा, "नाचायचं असंल तर नवरदेवानं नाचावं. ह्या कामाला आल्यात, नाचाय न्हाई." 'ह्या' म्हणजे शबनम. पांढरीशुभ्र, उंच कानांची, बिदरच्या एका व्यापाऱ्याकडून तीन वर्षांची असताना आणलेली. शबनमला तो 'आप' म्हणायचा. त्याची बायको गौसियाभाभी मला ऐकू जाईल असं म्हणायची, "वैजनाथभाई, बघा तुमचा दोस्त. घोडीला अहोजाहो आणि मला अगं! बत्तीस वर्षं झाली मी पाणी भरून राहिले ह्यांच्या घरात." गफूरभाई न लाजता सांगायचा, "त्या कमवून आणतात."

खरं तेच होतं. त्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. पण मी तीसेक वर्षं जनावरांच्या मालकांना पाहिलंय, आणि कमाईसाठी पाळलेल्या जनावराकडं माणूस कसा बघतो ते मला कळतं. गफूरभाई शबनमकडं तसा बघत नसे. तिनं चाऱ्याला तोंड लावल्याशिवाय हा जेवत नसे, एवढं सांगितलं तरी पुरे.

शबनमच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, बाहेरच्या कोपऱ्याला, एक गाठ होती. वाटाण्याएवढी, करडी, खरखरीत. तीन वर्षं होती तशीच होती. ना दुखायची, ना वाढायची. वरातीत तर गोंड्यांच्या झालरीखाली दिसायचीही नाही.

मे महिन्यातल्या एका लग्नात ती दिसली. नवरदेव हदगावकडचा, वऱ्हाड मोठं. नवरदेवाला घोडीवर चढवायचं म्हणून मंडळी गोळा झाली, आणि नवरदेवाच्या मावशीनं घोडीला ओवाळताना झालर बाजूला केली. बाई किंचाळलीच. "अगं माय, हिच्या डोळ्यावर मस हाय! असल्या घोडीवर आमचं लेकरू बसणार न्हाई." कोणीतरी समजूत घालायला गेलं तर तिनं ताट खाली ठेवून दिलं. नवरदेव कारमध्ये बसून गेला. गफूरभाई रिकामी घोडी घेऊन भर दुपारी नाक्यापर्यंत चालत आला.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती, पण आपल्याकडं असली बातमी लग्नपत्रिकेच्या आधी पोचते. त्याच हंगामात आणखी दोघांनी सांगून पाठवलं की आमचं दुसरीकडं ठरलंय. गफूरभाईला काम गेल्याचं वाईट वाटलं असेलच, पण माझ्यासमोर तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलला. "डॉक्टरसाब, सगळ्यांसमोर त्यांना बदसूरत म्हणले. चार बायांनी तोंडाला पदर लावला."

मग एक दिवस तो माझ्या दवाखान्यात आला. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. त्यानं विचारलं, "ह्यांचा केस ह्यांनाच बांधू का? दुनियेला दिला, ह्यांना न्हाई दिला कधी."

माझा हात आपोआप मानेकडं गेला. जिथं चामखीळ होती तिथली कातडी आता गुळगुळीत होती. मी म्हणालो, "बांधा की! जगाच्या पाडल्या, घरची कशाला सांभाळून ठेवता?" आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसलो. गाठ बघायला मी उठून त्याच्या शेडपर्यंत गेलोसुद्धा नाही.

नवव्या दिवशी गाठ गळाली. गफूरभाईनं गल्लीत बालूशाही वाटली, माझ्या दवाखान्यात डबा आणून दिला. आम्ही दोघांनी त्या दिवशी फार मोठेपणा मिरवला. मी तर शिपायाला सांगितलं, "जुन्या लोकांच्या विद्येला नावं ठेवू नये."

वीस दिवसांनी त्याच जागी लालभडक मांस वर आलं. आधी हरभऱ्याएवढं, मग बोराएवढं, पावसाळा भरात येईपर्यंत लिंबाएवढं. वरून ओलं, जरा काही लागलं की रक्त, आणि माशा. तीन वर्षं झोपून राहिलेली वस्तू आम्ही उठवली होती. हे वाक्य मी आज लिहितोय, तेव्हा मला ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची तसदी मी घेतली नव्हती, असं म्हणणं जास्त खरं.

मग मी दुसरी करामत केली. आमच्या खात्यात वळूचं वीर्य गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतो. झाकण काढलं की पांढरी वाफ निघते, आत बोट गेलं तर बोट गेलं. असल्या गाठी गोठवून मारतात एवढं मी कुठंतरी ऐकलं होतं. वरिष्ठांना विचारलं नाही. एका सकाळी कंटेनर मोटारसायकलला बांधून नाक्यावर गेलो, शबनमच्या डोळ्यावर ओल्या फडक्याची घडी धरायला गफूरभाईला उभं केलं, आणि काडीला कापूस गुंडाळून ती नायट्रोजनमध्ये बुडवून गाठीवर टेकवत राहिलो. मांस पांढरं पडलं, दगडासारखं कडक झालं. शबनमनं एकदा मान झटकली, बाकी काही केलं नाही. गफूरभाई तिच्या कानात सारखं म्हणत होता, "बस, झालं. झालं, झालं."

पंधरा दिवसांत खपली पडली. तिथं पांढरे केस उगवले. आम्हाला वाटलं सुटलो. मी त्या वेळी नाकाच्या शेंड्यापर्यंत फुगलो होतो. दोन महिने तसे गेले, आणि दिवाळीच्या सुमारास गफूरभाईनं मला शेडवर बोलावून नुसतं बोट दाखवलं. आता गाठी दोन होत्या. एक जुन्या जागी, दुसरी पापणीच्या आतल्या कडेला, डोळ्याच्या बुबुळाला लागून.

तेव्हा कुठं मी म्हणालो, "उदगीरला नेऊ."

मुखेडमार्गे टेम्पोनं शबनमला उदगीरला नेलं. तिथल्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात डॉ. शिवकांता म्हणून बाई होत्या. वय असेल पस्तीस-छत्तीस. बोलायला तोडून, हाताला फार हळुवार. त्यांनी आधी घोडीची शेपटी उचलून बघितली, कारण पांढऱ्या घोड्यांना तिथं काळ्या गाठी होतात. तिथं काही नव्हतं. मग डोळ्याकडं आल्या, बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं, एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं.

"ह्याला सारकॉईड म्हणतात. घोड्याच्या कातडीचा ट्यूमर, सगळ्यात जास्त दिसणारा. गाईबैलांना चामखिळी होतात ना, त्याच विषाणूची ही करणी. हा काळजात-फुप्फुसात पसरत नाही, पण जिथं असतो तिथं खात राहतो. लहान असला, गप्प असला, तर आम्ही हातच लावत नाही. दहा-दहा वर्षं तसा राहतो. अर्धवट छेडला की चवताळतो." त्यांनी पापणीच्या कडेवर बोट ठेवलं. "इथं आवळल्याची खूण आहे. कोणी बांधलं होतं हे?"

मी खोलीतल्या कॅलेंडरकडं बघायला लागलो.

"मी बांधलो," गफूरभाई म्हणाला. "मलाच अक्कल न्हाई, मॅडम."

"आणि गोठवलं कोणी? ही खूण गोठवल्याची आहे."

"तेबी मीच."

बाईंनी त्याच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. देगलूर नाक्यावरच्या घोडीवाल्याकडं नायट्रोजन कुठून येणार, हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. टेम्पोत परत येताना मी म्हणालो, "गफूरभाई, मी तिथं—" तर त्यानं मला हातानं थांबवलं. "राहू द्या डॉक्टरसाब. नोकरी हाय तुमची." त्याच्या ह्या मोठेपणाचा मला तेव्हा राग आला. आज स्वतःची लाज वाटते.

इलाज काय काय होते, ते बाईंनी लपवलं नाही. कापून काढायचं तर भोवतीची बोटभर चांगली कातडीही कापावी लागते, आणि पापणीला बोटभर कातडी असतेच कुठं? परदेशात अशा जागी किरणांनी शेकतात, त्याचा गुण सगळ्यात चांगला. "आपल्याकडं त्या मशीनपुढं माणसांचाच नंबर लागत नाही," बाई म्हणाल्या. लावायचं मलम होतं, पण ते मांस जाळतं, बुबुळाला लागलं तर बुबुळ जाळतं. राहिली क्षयाची लस. तान्ह्या लेकरांच्या दंडावर टोचतात तीच. ती थेट गाठीत टोचायची. शरीर त्या लशीशी भांडायला धावतं आणि भांडता भांडता गाठीलाही मारतं, असा हिशेब.

गफूरभाईला हे फार पटलं. "म्हणजे भांडण लावून द्यायचं," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनंतर हसला.

पहिल्या सुईनंतर अर्धं तोंड सुजलं, चार दिवस शबनमनं कडबा हुंगला नाही. मग सूज उतरली आणि गाठ खरोखर आक्रसली. दुसऱ्या सुईनंतर आणखी लहान झाली. आतली गाठ तर तांदळाएवढी उरली. गौसियाभाभीनं दर्ग्याला चादर कबूल केली. मी मनातल्या मनात स्वतःला माफ करायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या सुईच्या आधी बाईंनी नेहमीप्रमाणं रिॲक्शन होऊ नये म्हणून औषध दिलं, अर्धा तास थांबल्या, मग टोचलं. पाच मिनिटांत शबनमच्या अंगभर गांधी उठल्या. ती थरथरायला लागली, मागचे पाय वाकले आणि ती कडेवर कोसळली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाई ओरडल्या, औषधाच्या कुप्या फोडल्या गेल्या, दवाखान्यातल्या एका मुलीनं सलाईन धरली, मी मानेवर बसलो. गफूरभाई तिच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिच्या नाकपुड्या उघड्या धरत होता, जणू हवा आत जायची राहिलीय ती तेवढ्यामुळंच. वीस मिनिटांनी तिनं मान उचलली. गफूरभाईचा सदरा घामानं पिळून निघाला होता. बाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "लस बंद. पुढची सुई हिला मारील."

लस बंद झाल्यावर गाठ पुन्हा वाढायला लागली.

त्यानंतर माणसांच्या कॅन्सरचं एक औषध आलं. ते तिळाच्या तेलात घोटून गाठीत टोचायचं, म्हणजे ते तिथंच मुरतं, अंगात पसरत नाही. दर पंधरा दिवसांनी, चार वेळा. बाई दोन-दोन हातमोजे घालायच्या, आम्हाला लांब उभं करायच्या. त्या औषधानं बाहेरची गाठ निम्मी झाली आणि आतली हटली नाही. ती सारखी बुबुळाला घासत होती. मे महिना लागला तसा शबनमचा डोळा दुधासारखा पांढरा झाला, त्यात फोड आला, फुटला.

आता डोळ्यासकट सगळं काढणं एवढंच शिल्लक होतं. बाई म्हणाल्या, "डोळा तसाही गेलाय. तो काढला तर मला कापायला जागा मिळते. पण परत येणार नाही, असं मी सांगत नाही." एका डोळ्याच्या घोडीवर कोणी नवरदेव बसणार नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. गफूरभाईनं क्षणभरही विचार केला नाही. "काढा. त्या घरी बसून खातील. लई कमवून दिलं." त्याच आठवड्यात तो एका मंडपवाल्याच्या गोदामावर कामाला लागला. साठीला आलेला माणूस बांबू उचलायला लागला.

त्याच जूनमध्ये मी निवृत्त झालो. नोकरीची भीती संपली. तरीही बाईंना जाऊन खरं सांगितलं नाही. रोज उद्या सांगू म्हणत राहिलो.

ऑपरेशन चांगलं झालं. पावसाळाभर जखम स्वच्छ राहिली. गफूरभाई सकाळी कामाला जायच्या आधी शबनमला आसना नदीच्या काठी चरायला नेई, नेहमी तिच्या डाव्या बाजूनं चाले, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला काय आहे ह्याची तिला भीती वाटू नये. मी पुष्कळदा बरोबर जायचो. ते तीन-चार महिने आमचे फार सुखाचे गेले. असं वाटलं की डोळा देऊन सौदा मिटला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिवणीच्या रेघेवर एक फुगवटा हाताला लागला. आम्ही उदगीरला गेलो. बाईंनी बोटांनी दाबून बघितलं. आतून, हाडाच्या खोबणीतून येत होतं. त्यांनी हातमोजे काढले, हात धुतले, पुसले, आणि मग बोलल्या.

"आता मी पुन्हा कापलं तर ते माझ्या समाधानासाठी असेल. हिला त्याचा उपयोग नाही. हे नाकाच्या हाडाकडं जाईल. दुखेल, खूप दुखेल. मी एक इंजेक्शन देऊ शकते. झोपेत जाईल."

गफूरभाई उभा राहिला. "नक्को मॅडम. जान देणारा मी न्हाई, घेणारा मी कोण?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्याचा दोस्त, मी त्याच्याशी बोलावं, अशी ती नजर होती. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. चौतीस वर्षं मी जनावरं मरताना बघितलीत, पुढं काय होणार ते मला त्या खोलीत दिसत होतं. पण माझ्या तोंडून 'बांधा की' एवढं एकदा निघालं होतं आणि त्याचं हे झालं होतं. आता पुन्हा त्याच तोंडानं 'मारा' म्हणायचं? मी म्हणालो, "बघू, काही दिवस जाऊ द्या." गफूरभाईनं माझा हात घट्ट दाबला. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो.

काही दिवस म्हणजे साडेचार महिने झाले. ते मी सगळे लिहीत नाही. गाठीनं डोळ्याची खोबण भरली, मग बाहेर आली, नारळाएवढी. वास यायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा गफूरभाईनं शेडला ताडपत्री लावली. कामावरून आला की मिठाच्या पाण्यानं धुवायचा, मलम लावायचा, फडकं बांधायचा. शबनम ते फडकं भिंतीला घासून काढायची आणि भिंतीवर रक्त. थंडीत तिची बरगडी न् बरगडी दिसायला लागली. एका सकाळी गौसियाभाभी धुवायला गेली तर आत अळ्या वळवळत होत्या. तिनं चिमट्यानं काढल्या. शबनमनं भाभीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते वजन तिच्यावर तसंच टाकून उभी राहिली.

त्या दिवशी भाभीचा मला फोन आला. "वैजनाथभाई, मॅडमला बोलवा. ह्यांना मी सांगते."

काय सांगितलं, ते मला माहीत नाही. रविवारी बाई स्वतः उदगीरहून आल्या. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. गफूरभाईनं शबनमला धुऊन, खरारा करून उभं केलं होतं. दोर भाभीनं धरला. गफूरभाईनं शबनमच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला उभं राहून तिच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला. आधी गुंगीची सुई, मग दुसरी. शबनम सावकाश गुडघ्यावर आली, कडेवर कलली, एक लांब श्वास सोडला. लशीच्या तिसऱ्या सुईच्या वेळची धडपड माझ्या डोळ्यांपुढं होती, तसं काही झालं नाही. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली.

गफूरभाई बराच वेळ बघत उभा होता.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढंच असतंय हे?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मॅडम, खरं सांगा. हे कधी करायला पायजे होतं?"

बाईंनी टाळलं असतं तर चाललं असतं. पण त्या टाळणाऱ्यातल्या नव्हत्या. "दसऱ्याला," त्या म्हणाल्या.

गफूरभाईनं बोटांवर महिने मोजले. मग माझ्याकडं वळला. "डॉक्टरसाब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव," मी म्हणालो. "आणि मॅडम, तो केस बांधायला मीच सांगितलं होतं. नायट्रोजनही माझाच."

बाईंनी बॅग बंद केली. भाभीनं दोर सोडला. गफूरभाई खाली बसला, शबनमच्या मानेला पाठ टेकून, आणि माझ्यासमोर पहिल्यांदा ढसाढसा रडला. मी पुढं झालो तर भाभी म्हणाली, "राहू द्या. तुम्ही जा आता."

त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं टाकलं नाही. रस्त्यात भेटला की थांबतो, नातवंडांची चौकशी करतो, चहाला ओढून नेतो. घोडी पुन्हा घेतली नाही.

मागच्या मार्गशीर्षात तोच म्हणाला, चला, माळेगावच्या यात्रेला जाऊन येऊ, नुसते घोडे बघू. गेलो. घोड्यांच्या बाजारात किनवटकडचा एक माणूस ओळख काढून आला. त्याच्या पांढऱ्या घोड्याच्या शेपटीखाली काळ्या गोळ्या आल्या होत्या, द्राक्षासारख्या. त्यानं मला नमस्कार केला. "डॉक्टरसाहेब, तुमचं नाव ऐकलंय. जरा बघता का?"

मी वाकलो. मला त्या गाठी माहीत होत्या, काय सांगायचं तेही ह्या वेळी बरोबर माहीत होतं. मी तोंड उघडलं.

गफूरभाईनं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच माझ्यापासून बाजूला घेतलं. आवाजात राग नव्हता, कडवटपणा नव्हता, एखाद्याला वाट सांगावी तसं तो म्हणाला, "उदगीरला जावा, शिवकांता मॅडमकडं. ह्यांना विचारू नका. हे डॉक्टर न्हाईत."